पाकिटातला शेरा

एप्रिल उजाडला की आमच्या आस्थापना शाखेत पाकिटांचे ढीग लागायचे. गोपनीय अहवालांची पाकिटं. ती भरून घेण्यासाठी साहेबांच्या दालनाबाहेर मी अनेकदा ताटकळलो आहे. साहेबांनाही त्याचा कंटाळा. मग कनिष्ठ लिपिकापासून अव्वल कारकुनापर्यंत सगळ्यांना एकच शेरा: आज्ञाधारक, वक्तशीर, काम समाधानकारक. माणूस वर्षभर कुठे अडला, कशात तरबेज झाला, याचा पत्ता नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते दिसायचंही नाही. शेरा प्रतिकूल असेल तरच कळवायचा, असा रिवाज.

प्रतिकूल नसलेला शेराही माणसाला कसा आडवा येतो, ते देव दत्त यांच्या प्रकरणात दिसलं. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत ते कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षांच्या अहवालांत 'खूप चांगला' ही श्रेणी लागायची. चार वर्षं ती होती, १९९३-९४ सालच्या अहवालात मात्र नुसतं 'चांगला' पडलं आणि बढती हुकली. 'चांगला' म्हणजे काही वाईट नव्हे, मग कळवायचं कशाला, असं सरकारचं म्हणणं. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल दिला. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

पुढच्याच वर्षी केंद्राने आदेश काढला: संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचा, आणि म्हणणं मांडायला पंधरा दिवस द्यायचे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही २००८च्या निकालावर शिक्कामोर्तब केलं.

माझ्या मते हा न्याय झाला. पण शेऱ्यातून माणसाला शिकवणं अजून बाकीच राहिलं. वर्ष संपल्यावर कळलेल्या त्रुटीचं माणूस करणार काय? ज्या फाइलीत ती झाली, ती केव्हाच अभिलेख कक्षात गेलेली असते.

आमच्याकडे एक अधिकारी होते, त्यांची तऱ्हा वेगळी. बाकीचे साहेब फाइलीवर 'चर्चा करावी' एवढंच लिहून ती परत धाडत, आणि चर्चेला गेलं की मीटिंगमध्ये असत. हे मात्र टिपणी लिहिणाऱ्यालाच बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवायचे. एकदा नव्याने लागलेल्या मुलाची रजेच्या प्रकरणावरची टिपणी त्यांच्यापुढे होती. त्यांनी पेन्सिलीने एका परिच्छेदाला कंस केला. "भाऊसाहेब, पत्रव्यवहाराचा इतिहास बरोबर मांडलात. पण रजा शिल्लक किती, हे मला तिसऱ्या पानावर सापडलं. ते आधी घ्या. कुठला नियम लागतो तो त्याखाली, आणि मंजुरी द्यावी की नाही हे तुमचं मत शेवटी. मत लिहायला घाबरू नका, सही माझी आहे." त्या मुलाची पुढची फाइल आली तेव्हा त्यांनी आधी शिल्लक रजेचाच आकडा शोधला, सापडल्यावर मान डोलावली. आळशी, हुशार, धांदरट असला एकही शब्द त्यांनी त्या मुलाला लावला नाही. काही महिन्यांत इतर लिपिक आपल्या टिपण्या त्याच्याकडून तपासून घेऊ लागले.

हा नुसता स्वभावाचा गुण नव्हे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायांवरचे आधीचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते चक्क बिघडलं होतं. त्यांच्या मते, अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की परिणाम ओसरतो. 'तुम्ही बेजबाबदार आहात' हे ऐकणारा मनात आपली बाजू मांडत बसतो. 'शिल्लक रजा आधी घ्या' यावर वाद कसला घालणार?

खाजगी कंपन्यांत अप्रेझल पगारवाढीला बांधलेलं असतं. टक्का किती, एवढंच कानात शिरतं, बाकीचं वाऱ्यावर. गुणवत्तेचे गुरू डेमिंग वार्षिक मूल्यमापनाला व्यवस्थापनाचा जीवघेणा रोग म्हणायचे. अडोबी या कंपनीने २०१२ मध्ये वर्षाकाठचा हा सोपस्कार बंद केला आणि वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर एवढं करा: आज आलेल्या कामातली एक जागा बोटाने दाखवा, तिथे काय हवं ते सांगा, आणि पुढच्या वेळी ते झालं का हे आठवणीने पाहा. तुम्ही स्वतः हाताखाली असाल, तर अहवाल हाती पडल्यावर नुसती सही करून मोकळे होऊ नका. 'चांगला' लिहिलं असेल, तरी कशावरून ते विचारा, आणि मुदतीत विचारा.