एक सी, दोन वाद्यं

तोतोरोला ओळखता ना? राखाडी, ढेरपोट्या, लांब कानांचा, आणि हसला की तोंड या कानापासून त्या कानापर्यंत! हयाओ मियाझाकी यांच्या १९८८ सालच्या 'माय नेबर तोतोरो' या जपानी चित्रपटातला तो वनदेव. एका रात्री तो सात्सुकी आणि मेई या दोन बहिणींना घेऊन एका अवाढव्य झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो आणि सगळे मिळून हातातली छोटी गोलसर वाद्यं फुंकतात. झाड कापराचं बरं का. आरतीचा कापूर पूर्वी याच झाडाच्या लाकडातून काढत. आणि ते वाद्य म्हणजे ओकारिना.

या चित्रपटाचं संगीत जो हिसाइशी यांचं. त्यात एक संथ, शांत धून आहे, 'वाऱ्याची वाट' अशा अर्थाच्या नावाची. ऐकली की आपल्यालाही वाजवावीशी वाटते. पण पाच रेघांवरची ती काळी टिंबं वाचता येत नसतील तर? मग अक्षरं घ्यायची. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी आणि पुन्हा वरचा सी. एवढ्यावर भागतं. अक्षराशेजारी छोटं चिन्ह दिसलं तर तो स्वर थोडा उतरलेला किंवा चढलेला, आपल्या कोमल-तीव्रासारखा.

सारेगम शिकणाऱ्यांनी इथे जरा जपून. आपला सा फिरता असतो. कुणी तो पेटीच्या काळी एकमध्ये लावतो, कुणी पांढरी पाचमध्ये, ज्याचा जसा गळा. अक्षरं मात्र जागची हलत नाहीत. सी म्हणजे पांढरी एक, मग गाणारा कुणीही असो. आणि मधल्या सप्तकातला ए म्हणजे हवेची एका सेकंदात ४४० कंपनं, हे जगभरासाठी ठरवून टाकलंय.

अक्षरांची एक मोठी गोम आहे. कोणता स्वर ते सांगतात, पण किती वेळ धरायचा ते सांगत नाहीत! संथ धुनेत तर सगळी गंमत त्या धरण्यातच असते. म्हणून कागद हातात घेण्याआधी धून इतकी ऐका, की दात घासतानाही गुणगुणता आली पाहिजे.

आता रेकॉर्डर, म्हणजे चोचीसारख्या तोंडातून फुंकायची उभी बासरी. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं तिसरीपासून हा वाजवतात. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक. डावा हात वर. अंगठा आणि पहिलं बोट ठेवलं की बी. दुसरं बोट ठेवलं की ए. तिसरं ठेवलं की जी. सगळी भोकं बंद केली की सगळ्यात खालचा सी.

असं का होतं? नळीतली हवा म्हणजे हवेचा एक खांब. तोंडातून आलेली फुंकर समोरच्या धारदार कडेवर आपटते, कधी आत वळते, कधी बाहेर, आणि तो खांब थरथरायला लागतो. खांब लांब तर आवाज खालचा, आखूड तर वरचा. भोक उघडलं की खांब साधारण तिथेच संपतो. हिशेब करून बघू या? नेहमीच्या छोट्या रेकॉर्डरचा खालचा सी म्हणजे सेकंदाला सुमारे ५२३ कंपनं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३४३ भागिले ५२३, म्हणजे एक लाट झाली सुमारे ६६ सेंटिमीटरची. दोन्ही टोकांना उघड्या नळीत अर्धी लाट मावते, म्हणजे ३३ सेंटिमीटर. आता पट्टी घेऊन रेकॉर्डर मोजा. जवळपास तेवढाच निघेल! (चोचीचा भाग खांबात धरत नाहीत, पण हवा दोन्ही टोकांना थोडी बाहेरही डोलते. त्यामुळे हिशेब बराचसा जुळून येतो.)

ओकारिनात नळीच नाही, मग खांब कुठला? इटलीत बोलोन्याजवळ बुद्रिओ नावाचं गाव आहे. तिथल्या ज्युझेप्पे दोनाती या १७ वर्षांच्या मुलाने १८५३ साली आजची ओकारिना घडवली, मातीची. तिच्या पोकळ पोटातली सगळी हवा एकदम दबते आणि फुगते, स्प्रिंगसारखी. तिथे भोक कुठे आहे याला फारसं महत्त्वच नाही. किती उघडं आहे, याला आहे. एकाच मापाची दोन भोकं असतील तर यातलं उघडा नाहीतर त्यातलं, स्वर जवळजवळ सारखाच. म्हणूनच इंग्लंडच्या जॉन टेलर यांना १९६०च्या दशकात फक्त चार भोकांत अख्खं सप्तक बसवता आलं. चारही भोकं वेगवेगळ्या मापांची ठेवायची, आणि एकेक, दोनदोन, तीनतीन उघडून स्वर काढायचे. मला विचाराल तर रेकॉर्डरपेक्षा ही युक्ती जास्त चलाख आहे.

पण या चलाखीची किंमत मोजावी लागते. रेकॉर्डरवर अंगठ्याचं भोक किंचित उघडलं की स्वर थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. ओकारिनाला ती उडी जमत नाही. बारा भोकांची असली तरी तिची धाव दीड सप्तकाच्या थोडी पुढे, बस्स. तेव्हा धून निवडताना आधी सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं अक्षर शोधा. ती दोन आपल्या वाद्यात बसली, तर मधली बसणारच.

फुंकर हळू. खालच्या स्वरांना तर अगदीच हळू, नाहीतर रेकॉर्डर किंचाळतो. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला जिभेने 'डू' म्हणायचं, म्हणजे स्वर एकमेकांना चिकटत नाहीत. थंडीत वाद्य आधी हातात धरून कोमट करा. गार हवेत आवाज हळू जातो, त्यामुळे स्वर उतरतो. शिवाय गार प्लास्टिकवर श्वासातल्या वाफेचे थेंब साचून आवाज घुसमटतो.

दोन्ही वाद्यं नसतील तर काचेची रिकामी बाटली घ्या आणि तिच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. बाटली ओकारिनाचीच बहीण. थोडं पाणी ओता, आतली हवा कमी होईल आणि स्वर चढेल. तीन बाटल्यांत बी, ए आणि जी जुळवून बघा. फोनवर स्वर ओळखणारं ॲप असेल तर सोपं जाईल.

आणि ओकारिना घ्यायचीच झाली, तर पहिली प्लास्टिकची घ्या. मातीची हातातून पडली की फुटते.