'संत सखू' पाहावा कसा, त्यावरची समीक्षा वाचावी कशी

वेल्ह्याची गुंजवणी नीरेला मिळते, भोरची नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत जाते. म्हणजे आपल्या शिवारातलं पाणी शेवटी पंढरपूरलाच पोचतं. त्याच पंढरीसाठी घर सोडणाऱ्या कऱ्हाडच्या सुनेवर पुण्याच्या 'प्रभात'ने १९४१ मध्ये 'संत सखू' काढला. हा कालपट, म्हणजे जुना काळ उभा करणारा चित्रपट. तो पाहायचा असेल, तर घाई करू नका.

आधी गोष्ट माहीत करून घ्या. सासरच्यांनी सखूला खांबाला बांधलं. विठ्ठल तिचं रूप घेऊन तिच्या जागी बांधून घेतो, घरकाम करतो. ती पंढरपुरात देह ठेवते आणि रुक्मिणी तिला उठवते. ही आख्यायिका, म्हणजे तोंडोतोंडी, कीर्तनांतून चालत आलेली कथा. पुष्कळ जण इथेच अडखळतात. 'हे खरंच घडलं का?' या एकाच प्रश्नावर सिनेमा नापास करतात. आख्यायिकेकडे सनद मागू नये.

मग सिनेमा पाहा, समीक्षा नंतर. दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं, सखू झाल्या हंसा वाडकर. शक्य असेल तर शेजारच्या एखाद्या आजींना सोबत बसवा. जात्याचा खुंटा कसा धरलाय, हंड्याखाली चुंबळ आहे की नाही, हे त्यांना चटकन दिसतं. माझ्या मते तीही समीक्षाच, आणि ती कुठे छापून येत नाही.

आता छापील लेखन. आधी त्याचं साल बघा, मग लिहिणाऱ्याची मोजपट्टी कोणती ते शोधा: भक्ती, इतिहास की चित्रपटकला? सगळ्यात मोठी चूक तुलनेत होते. 'प्रभात'चाच 'संत तुकाराम' १९३६ चा, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. त्याच्या शेजारी 'सखू' फिकी वाटते, पण तुकोबांची गाथा आपल्या हाती आहे; सखूची तशी गाथा नाही. तिचं मन दाखवायला चेहरा, घरकाम आणि वाट एवढंच उरतं. हा फरक न सांगता केलेली तुलना मला अन्यायाची वाटते.

चमत्कारांबद्दलही तसंच. एकाच नटीला पडद्यावर दोनदा दाखवायची त्या काळातली एक रीत अशी: भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, मग उरलेला अर्धा उघडून पुन्हा चित्रण करायचं. कॅमेरा केसभर हलला की सगळं फुकट. चमत्कार पटो न पटो, या मेहनतीची दखल समीक्षकाने घेतली का, ते पाहा.

शेवटी हंसाबाईंचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र वाचा. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) त्यावरूनच सुचलेला. पडद्यावरच्या या सोशिक सुनेचं स्वतःचं आयुष्य किती ओढाताणीचं होतं, ते त्यात कळतं. त्यानंतर सिनेमा पुन्हा लावा. या वेळी खांबाला बांधून घेणाऱ्या विठ्ठलाला सोडून उंबरठा ओलांडणाऱ्या सखूकडे बघा.