खांद्याचे दुखणे आणि राज्याचे देणे

पाथर्डी-शेवगावकडचा मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो, तेव्हा त्याच्या घरादाराचा भार त्याच्या खांद्यावरच असतो. सरकारी आरोग्य केंद्रात लस टोचून घेतल्यावर तोच खांदा महिनोन् महिने वर उचलेनासा झाला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? असे क्वचितच घडते, पण घडते. सुई दंडाच्या स्नायूत न जाता फार वर टोचली गेली, तर औषध सांध्यालगत शिरून तेथे दाह होतो आणि बहुधा 48 तासांच्या आत दुखणे सुरू होते. दोष लसीचा नव्हे, टोचण्याच्या जागेचा असतो.

आता न्यायाची वाट पाहा. अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, तर जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तेथील सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 सालचा निर्णय आड येतो. म्हणजे पैसे मोजून खासगी दवाखान्यात लस घेणारा ग्राहक ठरतो. सरकारच्या शब्दावर विसंबणारा मात्र ठरत नाही! उरते दिवाणी न्यायालय. करोना लसीसंबंधीच्या प्रकरणात 2022 साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे हीच वाट दाखविली होती. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा, वकील द्यावयाचा आणि तारखा मोजावयाच्या. हात निकामी झालेल्या मजुराला हे झेपणार कसे?

लसीकरण एकट्याच्या नव्हे, सर्वांच्या रक्षणासाठी असते. मग त्याची झळ मात्र एकट्यानेच का सोसावी? अमेरिकेने 1986 साली कायदा करून लसीच्या प्रत्येक मात्रेवरील करातून भरपाईची सोय केली. तेथे कोणाची चूक सिद्ध करण्याची अट नाही. 2017 साली खांद्याची ही इजाही त्या योजनेच्या यादीत आली. आपल्याकडेही नव्या औषधाच्या चाचणीत इजा झालेल्यास भरपाई देण्याचे नियम 2013 पासून आहेत. चाचणीतील माणसाला जे मिळते, ते राष्ट्रीय मोहिमेत दंड पुढे करणाऱ्याला का नसावे?

1897 साली हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. जोखीम स्वतः पत्करूनच लोकांचा विश्वास मिळवावा लागतो, हे त्यांनी जाणले होते. लसीविषयी संशय पसरविणाऱ्यांना आमचा मुळीच पाठिंबा नाही. उलट, इजा मान्य करून तिची भरपाई देणाऱ्या राज्यावरच लोक विश्वासाने विसंबतील, असे आमचे मत आहे. टोचणाऱ्यांना योग्य शिक्षण मिळावे, जिल्हा पातळीवर तक्रारीची त्वरित तपासणी व्हावी आणि दोषाचा वाद न घालता प्रत्येक लसीबाबत भरपाई देणारा कायदा व्हावा, ही आमची मागणी आहे.