वाट आणि दबा

इंग्रजींत ‘वेले’ असें एक क्रियापद आहे. ‘वाट अडविणें’ असा त्याचा अर्थ आपण सहज करतों. पण तो अपुरा आहे. नाक्यावरचा शिपाईहि वाट अडवितो, परंतु तो उघड उभा असतो. त्याला हें क्रियापद लागू पडत नाहीं. ‘वे’ म्हणजे वाट. ‘ले’मध्यें दबा धरण्याचा भाव आहे. सोळाव्या शतकांत जुन्या जर्मन व डच जोडशब्दांच्या धर्तीवर हा शब्द इंग्रजींत आला. त्याचा भाऊबंद ‘अँबुश’ फ्रेंचांतून आलेला. त्याच्या पोटांत झाडी आहे.

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत ज्या प्रवाशांना लुटावयाचें ते अद्याप जागेवर पोंचलेहि नाहींत. तरी त्यांच्याविषयीं हें क्रियापद भूतकाळीं येतें. सापळा लागला कीं क्रिया पुरी झाली!

मग ‘वाटमारी’ हा शब्द कां नको? तींत लूट गृहीत आहे. १८ डिसेंबर १६७९ च्या रात्रीं कवि जॉन ड्रायडन कॉफीगृहांतून घरीं परतत असतां लंडनच्या रोझ अ‍ॅली या बोळांत भाडोत्री गुंडांनीं त्याला गांठून जबर मारलें. लुटीचा हेतु नसावा असेंच तेव्हां लोकांस वाटलें. पन्नास पौंडांचें बक्षीस लागलें, पण सूत्रधार कोण तें सिद्ध झालें नाहीं. येथें ‘वेले’च हवें.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १६७० च्या डिसेंबरांत पार्लमेंटचे सभासद सर जॉन कॉव्हेंट्री यांना असेंच रस्त्यांत गांठून त्यांचें नाक चिरण्यांत आलें. पार्लमेंट खवळलें, आणि दबा धरून हेतुपुरस्सर केलेल्या अंगच्छेदास देहांत शिक्षा सांगणारा कायदा झाला. दुखापत तीच, पण आरोपी आधीं टपून बसला होता कीं अकस्मात् भांडण जुंपलें, यावर त्याचा प्राण अवलंबूं लागला. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेंत आजहि दबा धरून केलेला खून पहिल्या प्रतीचा ठरतो.

नित्याच्या बोलण्यांत मात्र शब्दाची धार बरीच बोथटली आहे. सभागृहाच्या दारांत मंत्र्याला प्रश्न विचारण्यास टपलेला बातमीदार, जिन्यांत वर्गणीसाठीं धरणारे शेजारी, यांनाहि तो चालतो. अशा ठिकाणीं ‘दबा’ घातला तर भाषांतर हास्यास्पद होईल. आपलें साधें ‘गांठणें’ पुरेसें आहे. मात्र इंग्रजी वाक्य रचतांना कर्म म्हणून ज्याला गांठलें तो यावा, रस्ता नव्हे.