लाव्हाचा जिना

शाळेत ‘डेक्कन ट्रॅप’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उंदरांचा पिंजरा आला होता. अख्खं दख्खन कुणाला पकडायला मांडलंय, हे बाईंना विचारायचं धाडस काही झालं नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं, की हा ट्रॅप म्हणजे सापळा नव्हेच. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना, आणि शब्द तिथून आलाय. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्यानंतर मला वेगळीच दिसायला लागली.

ही वाट मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून निघते आणि कोकणकड्याला खेटून असलेल्या अरुंद घळीतून माथ्यावर जाते. गडाची उंची 1424 मीटर, बेलपाडा कोकणात. म्हणजे हजार मीटरहून जास्त चढाई. नळीने चढून साधले घाटाने त्याच दिवशी परत बेलपाड्यात, असा बेत करणारे भटके आहेत. तंगडतोड म्हणतात ती ही.

गंमत अशी, की एवढ्या एका दिवसात जमीन चार-पाच वेळा रूप बदलते. आधी झाडी, मग ओढ्याच्या पात्रातले माणसाएवढे धोंडे, मग कातळटप्पे, मग घसारा, आणि वर सपाट माथा. याचं कारण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. जे थर एकसंध थिजले ते झिजायला कठीण. त्यांचे उभे कडे झाले. ज्या थरांत वायूचे बुडबुडे अडकले ते ठिसूळ. ते आधी झिजले, त्यांच्यावर माती साठली, झाडं वाढली, आणि आपण त्याला पदर म्हणू लागलो. कडा, पदर, पुन्हा कडा. हाच तो जिना. जिथे खडकाला उभ्या भेगा होत्या तिथे पाण्याने करवत चालवली आणि नळी पडली. पावसाळ्यात ती अजूनही पाण्याचीच असते, म्हणून इथे यायचं ते थंडीत.

त्यामुळे तयारी करायची तर आधी पायाखाली काय येणार ते ओळखावं. घसाऱ्याचंच बघा. सुटी खडी ढीग करून ओतली तर साधारण 35 अंशांच्या उताराला येऊन थांबते. त्याहून तीव्र झाली की घरंगळते. डोंगरातला घसारा बहुतेकदा याच काठावर श्वास रोखून बसलेला असतो, आणि आपला बूट म्हणजे त्यात पडलेली भर. म्हणून नळीत एकाच्या डोक्यावर दुसरा असं चढायचं नाही, हेल्मेट घालायचं, आणि दगड सुटला की लाज न बाळगता ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. कातळावर नेमकी उलटी चूक होते. दृष्टिभयाने पोटात गोळा आला की नवखा माणूस खडकाला मिठी मारतो. मग वजन तळव्यांवरून सरकतं आणि पाय बाहेर ढकलले जातात. अंग खडकापासून जरा दूर, सरळ ठेवलं तर बुटाचं रबर धरून ठेवतं. मनाला हे पटायला वेळ लागतो.

आता पाण्याचा हिशेब. तो मी एकदा कागदावर मांडला आणि थक्क झालो. 65 किलोचा माणूस आठ किलोची सॅक घेऊन हजार मीटर चढला, तर नुसतं वजन वर उचलण्याचं काम जेमतेम 170 किलोकॅलरींचं होतं. एखाददुसऱ्या पोळीचा प्रश्न! पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. चार भाग इंधन जाळावं तेव्हा सुमारे एक भाग काम होतं, उरलेल्या तिन्हींची उष्णता. म्हणजे साधारण 500 किलोकॅलरी अंगातून बाहेर काढायच्या. एक लिटर घाम वाळला, की 580 च्या आसपास जातात. हिशेबाने लिटरभरही पुरे. मात्र ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नाकावरून टपकतो. आणि टपकलेला घाम अंग थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून तीन-चार लिटर पाणी, आणि त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर.

वेळेचं गणित 1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलं: तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. भल्या माणसाने नळी पाहिली नव्हती. इथे त्याचं उत्तर सरळ दुप्पट धरा, चारचौघांत दोर लावायची वेळ आली तर त्याहून जास्त. डिसेंबरातला दिवस जेमतेम 11 तासांचा, म्हणून अंधारातच निघायचं आणि बॅटरी सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात ठेवायची.

पण खरं नवल उताराचं. चढताना दम लागतो, म्हणून सगळे दमाचीच तयारी करतात. उतरताना मांडीचा स्नायू एक विचित्र काम करतो: ताणला जात असतानाच आवळून धरतो, ब्रेकसारखा. याला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे आपण मजेत गप्पा मारत उतरतो. आत मात्र थोडेच तंतू मोठा भार पेलत असतात आणि त्यांना बारीक इजा होत असते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. लॅक्टिक ॲसिडला उगीच दोष देतात. ते तर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. पहिल्या वेळी मी तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना पाठमोरा, कठडा धरून उतरलो होतो.

आणि स्नायू हे लक्षात ठेवतो! एकदाच नीट उतार करून दुखवून घेतला, तर पुढचे काही आठवडे तशाच उतारावर त्याला कितीतरी कमी इजा होते. मोहिमेच्या दहा-बारा दिवस आधीची एक उतरंड महिनाभराच्या धावण्याने न मिळणारी गोष्ट देऊन जाते.

म्हणूनच रविवारच्या सिंहगडावर मला राहून राहून हसू येतं. पुण्याची मंडळी घामाघूम होऊन पायवाटेने गड चढतात, पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही खातात, आणि खाली जायला जीपपाशी रांग लावतात. ‘एकच सीट राहिलीय, काका, चला!’ ड्रायव्हर मलाही हाक मारतो. मी मान हलवून बुटाच्या नाड्या घट्ट करतो, उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून, आणि आतकरवाडीच्या वाटेला लागतो.