बालवयातील कर्करोग : कारणे व प्रतिबंध

सामान्यतः वयाच्या १५ वर्षांपर्यंत होणाऱ्या कर्करोगांना ही संज्ञा लावतात. श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग), मेंदूची व लसीका ग्रंथींची अर्बुदे, तसेच मूत्रपिंड व जालपटल (डोळ्याचा आतील पडदा) यांतील अपक्व कोशिकांपासून होणारी अर्बुदे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. प्रौढांच्या कर्करोगात तंबाखू, मद्य इत्यादींचा परिणाम दिसण्यास बहुधा दशके लागतात. मुलांच्या बाबतीत एवढा अवधीच नसतो व बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. त्यामुळे मातेच्या गरोदरपणातील आहारविहाराला दोष देण्याची जी प्रवृत्ती कुटुंबांत आढळते, ती बहुतेक वेळा निराधार असते.

सु. १०% रुग्णांत आनुवंशिक दोष आढळतो. जालपटलार्बुद हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. ॲल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, हे अर्बुद होण्यास एकाच कोशिकेत दोन उत्परिवर्तने (आनुवंशिक घटकांतील आकस्मिक बदल) व्हावी लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिले उत्परिवर्तन जन्मतःच शरीरातील प्रत्येक कोशिकेत असते. दुसरे घडले की पुरे. म्हणून रोग लवकर व पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. संबंधित जीन १३ व्या गुणसूत्रावर असून तो सदोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता ५०% असते. अशा अपत्यांचे डोळे जन्मापासून नियमित तपासल्यास दृष्टीही वाचू शकते. डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांत श्वेतकोशिकार्बुदाचे प्रमाण पुष्कळ अधिक असते.

बाह्य कारणांपैकी आयनीकारक प्रारणाचा पुरावा सबळ आहे. गर्भवतीच्या उदराची क्ष-किरण तपासणी व अपत्याचा कर्करोग यांतील संबंध ॲलिस स्ट्यूअर्ट व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखविला. पुढे ही तपासणी मागे पडून श्रवणातीत ध्वनितरंगांची तपासणी रूढ झाली. चेर्नोबिल येथील १९८६ च्या अपघातानंतर बेलारूस, युक्रेन व रशियाच्या लगतच्या भागांत मुलांमधील अवटू ग्रंथीचा कर्करोग वाढला. किरणोत्सर्गी आयोडीन मुख्यतः दुधातून त्यांच्या शरीरात गेले होते.

खऱ्या अर्थाने टाळता येणारा कर्करोग म्हणजे यकृतशोथ-ब व्हायरसामुळे होणारा यकृताचा कर्करोग. तैवानमध्ये १९८४ मध्ये नवजातांना लस देण्यास प्रारंभ झाला व पुढे तेथील मुलांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. भारतात ही लस २०११ पासून देशभर शासकीय लसीकरणात समाविष्ट आहे.

निरोगी मुलांची सरसकट चाचणी मात्र उपयोगी पडत नाही. जपानमध्ये १९८० नंतरच्या दशकात सहा महिन्यांच्या अर्भकांची मूत्रतपासणी न्यूरोब्लास्टोमा या अर्बुदासाठी देशभर सुरू झाली. तीत आढळलेली अनेक अर्बुदे आपोआप विरून जाणारी होती व त्यांवर विनाकारण उपचार झाले. २००४ मध्ये ही योजना थांबविण्यात आली.

म्हणून भर लक्षणे वेळीच ओळखण्यावर द्यावा लागतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, नव्याने आलेला तिरळेपणा, पोटातील गाठ, न हटणारा ताप व फिकटपणा, अकारण काळेनिळे डाग, हाडे दुखणे, सकाळी डोकेदुखीसह उलट्या होणे यांपैकी काहीही आढळल्यास तज्ञाकडून तपासणी आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत ८०% हून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३०% हूनही कमी. उशिरा वा चुकीचे निदान, उपचारांची दुर्मिळता आणि ते अर्धवट सोडणे ही या तफावतीची प्रमुख कारणे आहेत.