आधी कान, मग मीटर

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मुरलेला व्यापारी बैलाचे दात नंतर बघतो, आधी चाल बघतो. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये स्पार्कच्या मशीनवर काम करणारा आमच्या काष्टीचाच पोरगा तसाच. आधी आवाज ऐकतो, मग मीटरकडे वळतो.

टाकीत तेल, तेलात बुडालेला डाय, वरून उतरणारं तांब्याचं टूल. दोघं एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या केसाएवढ्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा इवलासा कण वितळवून उडवते. पोलादाला कितीही कडक पाणी दिलेलं असो, ठिणगीला त्याचं काही नाही. १९४३ च्या सुमारास रशियात लाझारेंको दांपत्य विजेचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी झिजतात म्हणून उपाय शोधत होतं. झीज थांबेना, तेव्हा त्यांनी तिलाच कामाला लावलं. मला ही खोडी फार आवडते.

ठिणगी पडण्याआधी फटीवर साधारण ८० ते १०० व्होल्ट असतात, पडली की २०-२५ वर येतात. टूल टेकलं तर जवळजवळ शून्य. हे बघून सर्व्हो टूल खाली सोडतो किंवा वर ओढतो. इथवर सोपं आहे. खरी डोकेदुखी आर्किंगची. फटीत काजळी साचली की ठिणग्या जागा बदलत नाहीत, एकाच ठिकाणी पडत राहतात, आणि डायवर काळा खड्डा पडतो. व्होल्टेज मात्र चांगल्या ठिणगीसारखंच दिसतं. फरक एवढाच, की चांगली ठिणगी पेटण्याआधी काही मायक्रोसेकंद थांबते, आर्क थांबत नाही. नवे कंट्रोलर ही उसंत मोजतात. ती नाहीशी झाली की दोन ठिणग्यांमधला ऑफ टाइम वाढवतात, टूल वर उचलून फटीत तेल खेळू देतात.

जुन्या मशीनवर हे सगळं ऑपरेटरनंच करायचं. एकसारखी तडतड चालू असते, ती अडखळली की त्याचा हात फटीत तेल सोडणाऱ्या फ्लशिंगच्या कॉककडे जातो.

"करंट वाढवला की काम लवकर होतं ना रे?" मी विचारलं.

"काका, घाण बाहेर गेली तर होतं. नाहीतर जॉबच जातो."

तेलाची पातळी उतरली तर मशीन बंद पाडायला फ्लोट स्विच असतो, कारण ठिणगी उघड्यावर आली तर तेल पेट घेतं. तरी तो अधूनमधून टाकीत डोकावतोच. फिनिशिंगला करंट उतरवून मशीन रात्रभर चालू ठेवायला त्याची हरकत नसते. पण खाच अरुंद आणि खोल असेल, तर तो जॉब दिवसपाळीसाठी राखून ठेवतो.